एक्केचाळीस आणि चौदा : रेकॉर्ड ऑफिसला एका जुन्या सैनिकाचं खुलं पत्र

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
माझ्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस

साहेब, जयहिंद.

तुमच्या कार्यालयाचं पत्र गेल्या महिन्यात मिळालं. पोस्टमननं सही घेतली आणि मी ओट्यावर बसूनच ते फोडलं. मजकूर चार ओळींचा होता. माझे सेवेचे कागद जतनाची मुदत संपल्यामुळे नष्ट झाले आहेत. उपलब्ध नोंदीप्रमाणे माझी जखम २० डिसेंबर १९७१ ची आहे आणि ती शत्रूच्या कारवाईत झालेली नाही. जुनी प्रकरणं उघडली तर अंत नाही. सबब जखमेचं पदक देता येत नाही, विषय बंद समजावा.

विषय तुमच्याकडून बंद झाला असेल. माझ्या डाव्या पोटरीत तो अजून आहे. तोफगोळ्याचे दोन तुकडे काढता आले नाहीत, थंडीत ते ठणकतात. १९८५ पासून मी बंद पाकिटातून तुम्हाला लिहीत आलो. सात अर्ज केले, चार उत्तरं आली, आणि चारही उत्तरांत एकच वाक्य फिरून फिरून आलं. आता वय ७६ झालं. म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे. तुम्ही वाचावं हा हेतू आहेच, पण माझ्या गावानं आणि जिल्ह्यातल्या माजी सैनिकांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

पलटणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी तक्रार पलटणीशी नाही. पलटणीनं खायला घातलं, लिहायला शिकवलं, आणि जखमी झालो तेव्हा तिच्याच माणसांनी मला उचलून आणलं. तक्रार कागदाशी आहे. चुकलेला कागद दुरुस्त करण्याचा अधिकार हातात असून जे तो करत नाहीत, त्यांच्याशी आहे.

मी सातारा जिल्ह्यातला. १९६८ साली भरती झालो. आमच्या कंपनीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आम्ही दोघं होतो. मराठी मुलखातल्या पलटणीत यात नवल काही नाही. शिंदे, पवार, जाधव, पाटील यांची रांगच असते, आणि त्यातल्या दोघातिघांच्या बापांची नावंही जुळतात. अशा वेळी फौजेत माणसाला नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारतात. माझे आकडे ४१ आणि त्याचे १४. सुभेदार साहेब हजेरी घेताना म्हणायचे, "एक्केचाळीस?" मी म्हणायचो, "हाजिर साब." मग "चौदा?" तो म्हणायचा, "हाजिर साब." सगळी पलटण आम्हाला याच नावानं ओळखायची. तो सांगली जिल्ह्यातला, जत भागातला. माझ्यापेक्षा उंच, बोलायला कमी.

३ डिसेंबर १९७१ ला संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर बाँब टाकले आणि लढाई उघड सुरू झाली. आम्ही पश्चिमेला, जम्मूच्या सीमेलगत पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला होतो. त्या भागात ज्यांनी दिवस काढले त्यांना सुरुंगांचं वेगळं काही सांगायला नको. सपाट शेतं, ऊस, मधूनच नाले, आणि त्या सगळ्याखाली पेरलेले सुरुंग. इंजिनिअरची माणसं रात्री पुढे जाऊन वाट मोकळी करायची, दोन्ही बाजूंना फीत लावायची, आणि त्या फितीच्या आतून आम्ही चालायचो. फितीच्या बाहेर पाय पडला की संपलं.

१५ तारखेच्या रात्री आम्ही असेच पुढे सरकलो. १६ च्या पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, आमच्यावर तोफांचा मारा सुरू झाला. आमच्या सेक्शनमधले दोघं फितीच्या पलीकडे फेकले गेले. एक ओरडत होता, दुसरा गप्प होता. मी ओरडणाऱ्याकडे गेलो नाही, गप्प पडलेल्याकडे आधी गेलो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. संगिनीनं जमीन टोचत टोचत गेलो, त्याला पट्ट्याला धरून ओढत आणलं. मग दुसऱ्यासाठी पुन्हा गेलो. त्याला घेऊन परत येताना मागे गोळा पडला. डावी पोटरी फाटली आणि खांद्यात एक तुकडा घुसला. वेळ सांगायची तर सहा वाजायच्या आसपास. माझ्या हाताला घड्याळ नव्हतं. कंपनी कमांडर साहेबांनी नंतर लिहून दिलं आहे त्यात सकाळचे पावणेसहा म्हटलं आहे.

त्याच दिवशी, त्याच आघाडीवर, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल रणगाड्यात लढता लढता गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. मी त्यांना पाहिलं नाही. दुरून रणगाड्यांचा आवाज मात्र ऐकत होतो. हे लिहायचं कारण इतकंच, की १६ डिसेंबरला त्या भागात काय चाललं होतं हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्या दिवशी तिथे असलेल्या माणसाला शेलचा तुकडा अपघातानं लागला, असं कागदावर लिहिलेलं वाचून माझ्या जिवाला काय होत असेल, याचा विचार करावा.

आता कागदावर काय झालं ते सांगतो. हे समजायला मला पंचवीस वर्षं लागली, म्हणून सावकाश सांगतो.

मला आधी रेजिमेंटल एड पोस्टवर नेलं, तिथून फील्ड अँब्युलन्सकडे, मग पठाणकोटला. पठाणकोटला जखमींची गर्दी होती. तिथे पाय साफ करून बांधला आणि गाडीत घालून पुढच्या मोठ्या इस्पितळात पाठवला. त्या इस्पितळात मी पोचलो २० तारखेला. तिथल्या दाखल-पुस्तकात तारीख पडली २० डिसेंबर. ती तारीख दाखल होण्याची होती. जखमेची नव्हती.

इकडे पलटणीतून १६ तारखेलाच जखमींची यादी बिनतारीवरून गेली. त्यात माझं नाव होतं, पण नंबराचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले. एक्केचाळीसचे चौदा झाले. त्या यादीवरून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद करण्याचा हुकूम निघाला आणि 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईत जखमी, ही नोंद चौदाच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदीच्या कागदावर चढली. पुढे इस्पितळाचा कागद आला. त्यावर नंबर बरोबर होता, माझाच. पण माझ्या नंबरावर लढाईत जखमी झाल्याची खबर कुठेच नव्हती, आणि तारीख होती २० डिसेंबर. पश्चिम आघाडीवरची लढाई तर १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता थांबली होती. टेबलाशी बसलेल्या बाबूनं हिशेब केला असणार, की लढाई थांबल्यावर लागलेलं म्हणजे अपघात. त्यानं 'फिजिकल कॅज्युअल्टी, ॲक्सिडेंटल' लिहून टाकलं.

त्या बाबूवर माझा राग नाही. त्या दोन आठवड्यांत किती नावं त्याच्या हाताखालून गेली असतील, त्यात किती मेलेल्यांची असतील. आकडे उलटे पडणं ही माणसाची चूक आहे. पण दाखवून देऊनही ती इतकी वर्षं तशीच ठेवणं, याला मी चूक म्हणू शकत नाही.

साहेब, तुमच्या कागदांत आज काय दिसतं ते बघा. चौदा नंबरचा शिपाई १६ डिसेंबरला गंभीर जखमी झाला, पण तो एकाही इस्पितळात गेला नाही. एक दिवस रजेवर नाही, एक दिवस आजारी नाही, जानेवारीत तो पलटणीच्या खेळांत धावला. आणि एक्केचाळीस नंबरचा शिपाई साडेचार महिने इस्पितळात होता, त्याच्या अंगातून तोफगोळ्याचे तुकडे काढले, पण तो लढाईत जखमी झालाच नाही. या दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या, तर गणित न शिकलेल्यालाही उत्तर कळेल. ते शेजारी ठेवण्याचं काम तुमच्या कार्यालयानं आजवर केलेलं नाही.

जखमेचं पदक, ज्याला पराक्रम पदक असंही म्हणतात, १९७३ साली सुरू झालं आणि मागच्या लढायांनाही लागू झालं. पुढे काही वर्षांनी पार्सलं निघाली. माझ्या पार्सलात पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल होतं. जखमेचं नव्हतं. मला वाटलं मागाहून येईल. चौदाच्या पार्सलात ते होतं. त्याला वाटलं सगळ्यांनाच आलं असेल. तोवर आमच्या बदल्या वेगवेगळ्या ठिकाणी झाल्या होत्या. पांढऱ्या फितीत मधोमध लाल पट्टा असलेलं ते पदक त्यानं छातीला लावलं. १९९६ साली माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात कुणीतरी विचारलं, "चौदा, तुला कुठं रं लागलं होतं?" त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो मेळाव्यातून न जेवता उठला.

पुढच्याच आठवड्यात तो एसटीनं माझ्या गावी आला. तीन गाड्या बदलून. चहा घेतला नाही. खिशातून रुमाल काढला, रुमालात पदक होतं. म्हणाला, "हे तुझं हाय. मला म्हाईत नव्हतं." मी पदक उलटसुलट करून पाहिलं. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. नाव माझंच होतं, कारण नाव दोघांचं एकच. नंबर मात्र त्याचा. मी म्हटलं, "मला हे लावता येणार नाही." तो म्हणाला, "मलाबी न्हाई." ते पदक आम्ही दोघांनी मिळून माझ्या ट्रंकेत ठेवलं. तेव्हापासून ते तिथेच आहे.

त्यानं १९९८ साली स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिलं, की १६ डिसेंबर १९७१ ला मी जखमी नव्हतो, जखमी एक्केचाळीस होता, मला आलेलं पदक त्याचं आहे. स्वतःच्या छातीवरचं पदक काढून असं लिहून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याची प्रत मी १९९९ च्या अर्जाला जोडली. उत्तर आलं की प्रतिज्ञापत्राच्या आधारे नोंद बदलता येत नाही. २००६ मध्ये चौदा गेला. शेवटच्या भेटीत त्यानं विचारलं होतं, "झालं का तुझं काम?"

आता माझ्या घरचं. हे लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो, कारण कार्यालयात बसलेल्यांना एक शब्द म्हणजे एक शब्द वाटतो.

१९८४ साली मी नाईक म्हणून घरी आलो. पायामुळे लो मेडिकल कॅटेगरी होती, म्हणजे हलक्याच कामाला लायक, शेवटची वर्षं स्टोअरमध्ये काढली होती. जवळच्या साखर कारखान्यात पहारेकऱ्याची जागा निघाली, म्हणून डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून मोकळं झाल्याचं पुस्तक, घेऊन गेलो. तिथल्या कारकुनानं ते सगळ्यांसमोर वाचलं आणि विचारलं, "ॲक्सिडेंटल इंज्युरी म्हणजे? रायफल साफ करताना उडाली काय?" रांगेतली चार माणसं हसली. आठ दिवसांत गावात झालं, की यानं लढाई टाळायला स्वतःच्या पायात गोळी मारून घेतली. माझ्या पायात गोळी नाही, तोफगोळ्याचे तुकडे आहेत. पण पारावर बसलेल्यांना एक्सरे कोण दाखवणार? माझ्या बायकोनं हे पाण्याच्या टाकीवर ऐकलं. ती मला काही बोलली नाही. तीन दिवस तिनं पाणी धाकट्या जावेला आणायला लावलं.

माझे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. त्यांच्या बाकसात इटली स्टार होता. त्यांनी मला एकदाच विचारलं, संध्याकाळी, जनावरं बांधताना. "खरं काय हाय?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण डिस्चार्ज बुकवरचा शिक्का सरकारचा होता, आणि माझे वडील सरकारच्या शिक्क्यावर विश्वास ठेवणारे होते. त्यांना मुलावरही विश्वास ठेवायचा होता आणि शिक्क्यावरही. १९८९ साली ते गेले. त्यांचा शेवटी कशावर विश्वास बसला हे मला कळलं नाही. साहेब, तुमच्या एका शब्दानं माझं एवढं नुकसान केलं आहे, आणि ते कुठल्याही पेन्शनच्या फरकानं भरून येणार नाही.

पेन्शनचं थोडक्यात सांगतो. युद्धात झालेल्या जखमेच्या पेन्शनचा हिशेब वेगळा असतो आणि साध्या अपंगत्वाच्या पेन्शनचा वेगळा. मला दुसरी मिळते. नोंद सुधारली तर फरक निघेल, आणि कायद्यानं निघतो तो मी घेईन. पण फरक नको, नोंद द्या, असं जर कुणी मला म्हणालं, तर मी आज सही करून देईन.

तुमच्या पत्रातले मुद्दे आता एकेक घेतो.

तुम्ही म्हणता कागद नष्ट झाले. ठीक. मग त्याच पत्रात 'उपलब्ध नोंदीप्रमाणे' जखमेची तारीख २० डिसेंबर आहे, असं तुम्ही कुठून वाचलं? माझ्या विरुद्ध जाणारी ओळ शिल्लक आहे आणि माझ्या बाजूच्या सगळ्या ओळी नष्ट झाल्या, हे कसं? शीट रोल मुदतीनंतर नष्ट करतात हे मला माहीत आहे. पण लाँग रोल, म्हणजे प्रत्येक सैनिकाची थोडक्यातली नोंद, कायम जपतात. माझाही असणार आणि चौदाचाही असणार. ते दोन काढून पाहिले का, याचं उत्तर मी दोन अर्जांत मागितलं. मिळालं नाही. शिवाय माझा पहिला अर्ज १९८५ चा आहे. तेव्हा मला घरी येऊन एकच वर्ष झालं होतं आणि सगळे कागद तुमच्या कपाटात होते. तेव्हाच पाहिलं असतं तर आज नष्ट झाल्याचं कारण सांगावं लागलं नसतं. मुदत माझ्या आळसानं संपलेली नाही.

दुसरं, पलटणीची वॉर डायरी. लढाईच्या काळात प्रत्येक पलटण रोजची हकिगत लिहिते, ती वर जाते आणि संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जमा होते. मी माहिती अधिकारात १५ ते १७ डिसेंबरची पानं मागितली. 'गोपनीय' असं उत्तर आलं. पण जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानंच धोरण जाहीर केलं, की युद्धाच्या नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या कराव्यात आणि त्याहून जुन्या नोंदी तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्याव्यात. १९७१ मध्ये २५ मिळवले तर १९९६ येतं. चौदा माझ्या घरी पदक घेऊन आला ते वर्ष. ज्या रात्री माझं रक्त सांडलं त्या रात्रीचं पान माझ्यापासूनच लपवण्यात देशाची कुठली सुरक्षा आहे, हे मला समजावून सांगावं.

तिसरं, तुम्ही म्हणता जुनी प्रकरणं उघडली तर अंत नाही. नावांचा घोटाळा फौजेत नवा नाही आणि तो सुधारतही येतो. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्र सिंह यादव यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. ते इस्पितळात जिवंत होते. मेला होता तो त्यांच्याच पलटणीतला, त्यांच्याच नावाचा दुसरा जवान. देशाचं सगळ्यात मोठं पदक, त्यात असं झालं, आणि कळताच दुरुस्त केलं. त्यानं पदकाची शान कमी झाली नाही. त्याच कारगिलमधल्या बटालिकच्या लढाईबद्दल ब्रिगेडियर देविंदर सिंह सशस्त्र बल न्यायाधिकरणात, म्हणजे फौजेतल्या माणसांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कोर्टात गेले आणि २०१० मध्ये न्यायाधिकरणानं त्यांच्यावर अन्याय झाल्याचं मान्य करून नोंदी सुधारायला सांगितलं. ब्रिगेडियरची नोंद सुधारू शकते तर नाईकाचीही सुधारू शकते. न्यायाधिकरणाचं मुंबईलाही खंडपीठ आहे, मला ठाऊक आहे. वकील, तारखा, मुंबईच्या फेऱ्या हे या वयात आणि या पायानं झेपेल की नाही याचा विचार मी घरच्यांशी करतो आहे. पण दोन आकडे सरळ करायला न्यायाधीश लागावा, असं मला अजूनही वाटत नाही.

शौर्यपदकाचंही सांगतो, कारण मी ते मागतो आहे असा गैरसमज पसरवला जातो. कंपनी कमांडर साहेबांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये इस्पितळात मला पत्र लिहिलं होतं. त्यात एक ओळ आहे, की तुझं नाव सेना पदकासाठी वर पाठवलं आहे. पुढे काहीच कळलं नाही. २००३ मध्ये मी साहेबांना पुण्यात जाऊन भेटलो. त्यांनी तीन पानी निवेदन सही करून दिलं, त्या पहाटेचा सगळा तपशील त्यात आहे. साहेबही आता नाहीत.

शिफारस पलटणीतून निघते, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असं करत वर जाते, आणि वाटेत कुठेही थांबू शकते. थांबवण्याचा अधिकार वरच्यांना आहे. शौर्यपदक हा सन्मान आहे. तो मागून घ्यायचा नसतो, आणि मी तो मागत नाही. जखमेचं पदक तसं नाही. शत्रूच्या माऱ्यात जखम झाली की त्यावर सैनिकाचा हक्क आहे, तिथे कुणाच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. शौर्यपदकाबद्दल मला एवढंच विचारायचं आहे, की ती शिफारस माझ्या नंबरावर वर गेली, की चौदाच्या? की गेलीच नाही? नाकारली असेल तर 'नाकारली' असं लिहा. तो शब्द मी डोक्याला लावीन. पण ती उलट्या आकड्यांत हरवली असेल, तर मला ते मरण्याआधी कळलं पाहिजे.

ज्या दोघांना ओढून आणलं त्यातला एक तिथेच गेला. तो गप्प होता तोच. दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, नातवंडांत आहे. दर १६ डिसेंबरला सकाळी पावणेसहाला त्याचा फोन येतो. आम्ही फार बोलत नाही. "हाय का?" "हाय." त्याचंही निवेदन मी जोडलं आहे. साक्षीदार म्हणून आता तो एकटाच उरला आहे आणि त्याला दोन वेळा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे.

२०२१ मध्ये त्या विजयाला पन्नास वर्षं झाली. दिल्लीहून विजय मशाली निघाल्या, परमवीर आणि महावीर चक्राच्या मानकऱ्यांच्या गावची माती राष्ट्रीय युद्ध स्मारकाकडे नेली. कराडला दर डिसेंबरात विजय दिवस होतो, ७ तारखेला ध्वजदिनाच्या निधीचे डबे फिरतात, आम्हाला व्यासपीठावर बसवून शाल देतात. मी जातो. देणाऱ्यांच्या मनात आदर असतो, तो मला दिसतो. पण दोन वर्षांपूर्वी शाळेत बोलवलं होतं, तिथे पाचवीतल्या एका मुलीनं माझ्या छातीकडे बघून विचारलं, "आजोबा, तुम्हाला लढाईत लागलं होतं, मग त्याचं मेडल कुठाय?" त्या पोरीला मी हे सगळं कसं सांगणार होतो? घरी आहे, एवढंच म्हणालो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

माझा आणि चौदाचा, दोन्ही लाँग रोल काढून एकाच टेबलावर ठेवावेत, त्याबरोबर १५ ते १७ डिसेंबर १९७१ ची वॉर डायरी आणि इस्पितळांच्या दाखल-नोंदी मागवाव्यात, आणि काय सापडलं ते मला लेखी कळवावं. जे कागद नष्ट झाले ते कोणत्या तारखेला, कोणाच्या हुकुमानं झाले, त्याची नोंद दाखवावी.

माझी जखम १६ डिसेंबर १९७१ ची, शत्रूच्या तोफमाऱ्यातली, 'बॅटल कॅज्युअल्टी' अशी दुरुस्त करावी आणि डिस्चार्ज बुकावरचा 'ॲक्सिडेंटल' हा शब्द अधिकृत सही-शिक्क्यानं खोडावा. ही मागणी मान्य होऊन बाकीच्या नामंजूर झाल्या तरी मी पुन्हा अर्ज करणार नाही.

माझ्या नंबराचं जखमेचं पदक द्यावं आणि चौदाच्या नंबराचं परत घ्यावं. हे करताना चौदाच्या नावाला बोट लागता कामा नये. त्यानं काही लपवलं नाही, उलट स्वतःहून येऊन सांगितलं. त्याच्या विधवेच्या पेन्शनला हात लावू नये, तिच्याकडून एक पैसा वसूल करू नये. असं काही होणार असेल तर माझा अर्ज मी आजच मागे घेतो.

सेना पदकाच्या शिफारशीबद्दल एका ओळीचं खरं उत्तर द्यावं.

आणि हे सगळं नव्वद दिवसांत व्हावं. माझ्यासारखे आणखी कितीतरी जण गावोगाव आहेत. कुणाची जन्मतारीख चुकलेली, कुणाच्या बायकोचं नाव चुकलेलं, त्यापायी विधवेची पेन्शन अडलेली. सत्तरी ओलांडलेल्या सैनिकाच्या अर्जाला 'कागद नष्ट' असं उत्तर पाठवण्याआधी लाँग रोल उघडून पाहणं बंधनकारक करा. त्याला पैसे लागत नाहीत, माणसानं कपाटापर्यंत उठून जावं लागतं.

सोबत जोडलं आहे : डिस्चार्ज बुकची प्रत, पश्चिमी स्टारवरच्या नंबराचा फोटो, जखमेच्या पदकाच्या कडेवरच्या नंबराचा फोटो, चौदाचं १९९८ चं प्रतिज्ञापत्र, कंपनी कमांडर साहेबांचं १९७२ चं पत्र आणि २००३ चं निवेदन, अहिल्यानगरच्या सोबत्याचं निवेदन, पोटरीचा आणि खांद्याचा एक्सरे, आणि माझे आधीचे सात अर्ज पोचपावत्यांसह.

पदक जोडलेलं नाही, ते पोस्टानं पाठवण्याची माझी हिंमत नाही. तुमचा माणूस माझ्या नंबराचं पदक घेऊन आला, की ट्रंक उघडून हे त्याच्या हातात देईन.

आपला,
एक्केचाळीस
(निवृत्त नाईक, सातारा जिल्हा)